आखाजीचा मुऱ्हाळी

“काका, मास्क नाक के ऊपर,” सिस्टर म्हणाली. “और हाथ नहीं लगाना. दूर से बात करो.”

सुकलालनं मास्क वर ओढला. डोक्यावर निळी टोपी, अंगावर पाठीमागून बांधायचा निळा गाऊन, हातांत रबरी मोजे, पायांत कापडी पिशव्या. आरशात पाहिलं असतं तर त्याला स्वतःचीच ओळख पटली नसती. पण तिथे आरसा नव्हता.

प्रमिला शेवटच्या खाटेवर होती. अंगाला चादर टेकू नये म्हणून खाटेवर लोखंडी कमानी ठेवल्या होत्या आणि त्यांवरून पांढरी चादर टाकली होती. लांबून पाहिलं तर छपराच्या बैलगाडीत कुणी बाई झोपून चालली आहे असं वाटावं. बाहेर फक्त चेहरा होता. चेहऱ्याला काही झालं नव्हतं. कपाळावरचं गोंदण तसंच होतं.

तिनं डोळे उघडले. दुखू नये म्हणून दिलेल्या औषधानं ते जड झाले होते. बराच वेळ ती त्याच्याकडे पाहत राहिली आणि मग तिच्या चेहऱ्यावर हसू आलं.

“सुपडू,” ती म्हणाली. “तू उना रे? इतला उशीर?”

सुकलालनं मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. असणारही नव्हतं. सुपडू हा प्रमिलेचा भाऊ, आणि तो जाऊन दोन आखाज्या झाल्या होत्या. शेतात बांधावर पाणी प्यायला बसला तो उठलाच नाही. मग सुकलालच्या ध्यानात आलं. त्याचे फक्त डोळे दिसत होते, आणि उंची दोघांची सारखीच.

‘अगं, मी आहे,’ असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात तीच म्हणाली, “त्यासले इचारं का?”

‘त्यांना’ म्हणजे नवऱ्याला. म्हणजे सुकलालला.

खान्देशात आखाजी हा लेकीबाळींचा सण. अक्षय तृतीयेला सासरच्या लेकी माहेरी जातात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, आंब्याचा रस खातात. पण कुणी आपणहून उठून जात नाही. माहेराहून भाऊ यावा लागतो. तो मुऱ्हाळी. आणि घरच्यांनी ‘न्या’ म्हटल्याशिवाय मुऱ्हाळ्यानंही न्यायचं नसतं. सुपडू दर वैशाखात दोंडाईच्याहून रेल्वेनं सुरतच्या उधन्याला उतरायचा, आंब्यांची पिशवी घेऊन लिंबायतच्या त्यांच्या खोलीपुढच्या ओट्यावर बसायचा. सुकलाल मिलमधून आला की उभा राहून म्हणायचा, “दाजी, मूळ लावाले उनू.” म्हणजे बहिणीला न्यायला आलो. लग्नसराईचे दिवस, मिलमध्ये कापड रंगवायचं जेट मशीन रात्रंदिवस चालू, डब्याची पंचाईत. सुकलाल म्हणायचा, “बघू.” कधी त्या ‘बघू’चा ‘जा’ व्हायचा. बहुतेक वेळा सुपडू आंबे ठेवून एकटाच परत जायचा.

आता तो आला होता, आणि ती विचारत होती.

आजारी माणसाला गेलेलं माणूस न्यायला आलेलं दिसलं की काय होतं, हे त्यानं गावाकडे लहानपणापासून ऐकलं होतं. ते खरं की खोटं याचा विचार करायला तेव्हा वेळ नव्हता. त्यानं घसा साफ केला आणि सुपडूसारखा आवाज थोडा चढा काढून म्हणाला, “उनू ना, बहीण. पण दाजी अजून मिलमाईन नही उनात. त्यासले इचारा बिगर तुले कशी ली जाऊ?”

तिला ते पटलं. अशा बाबतीत ती रीतीची पक्की होती.

“मंग बठ,” ती म्हणाली. “पानी पी.” आणि तिनं डोळे मिटले.

हे सगळं झालं ते वरणामुळे. गल्लीत काशीबाईच्या नातीची हळद होती. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. बाया बट्ट्या वळत होत्या, प्रमिला चुलीपासून दोन हातांवर बसून वांगी चिरत होती. दोन पोरं चुलीवरचं मोठं पातेलं उतरवायला गेली. फडकं सुटलं आणि पातेलं कलंडलं. पाणी असतं तर वाहून तरी गेलं असतं. घट्ट वरण अंगाला धरून राहतं. पाठ, पोट, मांड्या, सगळं गेलं. दोष तरी कोणाला द्यायचा? दोन्ही पोरं तिला मावशी म्हणत, आणि तिच्या अंगावरचं वरण हातानं काढताना त्यांचेही हात सोलवटले होते.

डॉक्टर मॅडम तरुण होत्या. हिंदीत बोलायच्या, मधूनच सुकलालच्या लेकीशी, हर्षदाशी, गुजरातीत. हर्षदा कामरेजला दिली होती. आई भाजल्याचं कळल्यावर मुलाला सासूकडे सोडून आली होती.

“जे अंग भाजलंय ते आम्ही बघतोय,” मॅडम म्हणाल्या. “मला काळजी आहे ती न भाजलेल्या अंगाची.”

सुकलालला कळलं नाही. मग त्यांनी त्याला बाकावर बसवून सावकाश सांगितलं. कातडी भाजली ती बाहेरची. पण इतकं भाजलं की शरीर घाबरतं. त्याला वाटतं, सगळीकडेच आग लागली. मग ते सगळीकडे धावपळ करतं, सगळीकडे सूज आणतं. जिथे वरणाचा थेंब पोचला नाही तिथेही, फुफ्फुसात, काळजात, किडनीत. जखम भरायला थोडी सूज हवी असते, पण ही फार जास्त असते. माणूस पुष्कळदा जखमेनं जात नाही, या सुजेनं जातो. तिची लघवी कमी होत चालली होती. किडनी थकत होती.

“एक औषध आहे,” मॅडम म्हणाल्या. “ते शरीराला शांत करतं. आग विझली, आता थांब, असं सांगतं म्हणा. नेहमी देतात असं नाही. उपयोग होईलच अशी खात्री मी देणार नाही. पण द्यायचं तर आत्ता द्यायला हवं.”

सुकलालला मिलच्या गोदामाला लागलेली आग आठवली. एका कोपऱ्यात लागली होती. जळाले ते चार-पाच ताके. पण सगळे बादल्या आणि पाइप घेऊन धावले आणि सगळं गोदाम भिजवून ठेवलं. आगीत गेलं थोडं, पाण्यात गेलं जास्त. तेव्हा बंबावरचा माणूस ओरडत होता, ‘बस करो, बुझ गई, बस करो.’ कुणी ऐकत नव्हतं.

“द्या,” तो म्हणाला.

“घरी त्यांना कुठलं औषध चालू होतं? बीपी, शुगर? कसली गोळी?”

“नाही मॅडम. तिला कधी काही नसतं.”

दवाखान्याच्या आवारात मोठा कडुनिंब होता. त्याच्याखाली पेशंटचे नातेवाईक चटया टाकून पडलेले असत. दुपारच्या उन्हात तिथे सगळं संथ व्हायचं. रिक्षांचे आवाज यायचे ते पाण्याखालून आल्यासारखे. सुकलालची झोप धड लागत नव्हती आणि धड मोडतही नव्हती. डोळे मिटले की जेट मशीन दिसायचं. त्या मशीनमध्ये कापडाची दोन टोकं एकमेकांना शिवतात आणि ते कढत पाण्यात गोल गोल फिरत राहतं. रंग आत मुरेपर्यंत फिरत राहतं. त्याची सुरुवात दाखवता येत नाही की शेवट दाखवता येत नाही. सुकलालचा जन्म ते पाहण्यात गेला होता. आता त्याला दिसायचं की कुणीतरी ती शिवण उसवली आहे, कापड मशीनमधून सरळ बाहेर निघालं आहे, उधन्याच्या पुलावरून, रेल्वेच्या रुळांवरून, नवापूरच्या डोंगरातून ते लांबच लांब पसरत चाललं आहे, आणि प्रमिला त्यावरून चालली आहे. पुढे सुपडू. दोघं बोलत चालले आहेत. कशाबद्दल ते ऐकू येत नाही. त्याला हाक मारायची असते, पण तोंडावर मास्क.

“ऊठ रे, जेवून झोप.”

हिलाल होता. गल्लीतला शेजारी, गावही एकाच तालुक्यातलं. लूमवर काम करायचा. त्याच्या बायकोनं डबा पाठवला होता, कळण्याची भाकर आणि ठेचा.

“वहिनी कशीये?”

“औषध चालू केलंय. सूज उतरवायचं.”

“कुठं सुजली?”

“आतून. किडनी आणि काय काय.”

हिलालनं मांडीवर थाप मारली. “मग त्याला एवढा मोठा दवाखाना कशाला पाहिजे? सुजेची गोळी तर आपल्या गल्लीत लहान पोरगंही ओळखतं. मेडिकलवाल्याला नुसतं कमरेकडे बोट दाखवायचं, तो गोळ्यांचं पान कापून देतो. मी सकाळी एक खातो, संध्याकाळी एक. बारा तास लूमपाशी उभं राहायचं, सांध्यात तेल नको? वहिनी पण घेते की! साड्यांना लेस लावून लावून मान धरते म्हणते. तिचं तर ठरलेलंच, चहा आला की गोळी आली.”

सुकलालच्या हातातला घास हातातच राहिला.

“हिलाल, मला मॅडमनं विचारलं होतं. घरी काही औषध चालू आहे का म्हणून.”

“मग?”

“मी नाही म्हटलं.”

“बरोबर म्हटलं. ते काय औषध आहे का? ते चहाबरोबरचं.”

असं म्हणून हिलाल हसायला गेला, पण सुकलालच्या चेहऱ्याकडे पाहून थांबला. मग हिलालनं डब्याचं झाकण लावलं. “जा,” तो म्हणाला. “सांगून ये. मी बसतो इथं.”

मॅडम वॉर्डाच्या दारात भेटल्या. सुकलालनं सांगितलं. पिवळी गोळी, मेडिकलमधली, चिठ्ठीशिवायची. तोच आणून द्यायचा, मिलमधून येताना, खारी आणि दुधाबरोबर.

“कधीपासून?”

“साडीला लेस लावायचं काम घरी आणायला लागली तेव्हापासून. पाच-सहा वर्षं झाली असतील.”

“रोज?”

“रोज. काम जास्त असलं की दोन.”

त्या रागावतील म्हणून तो वाट पाहत होता. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी भिंतीला टेकून क्षणभर डोळे मिटले. त्यांचीही झोप झालेली नव्हती.

“म्हणजे किडनी आधीपासूनच दमलेली आहे,” त्या म्हणाल्या. “म्हणूनच. बरं झालं सांगितलंत काका. आता मी बाकीची औषधं त्या हिशोबानं बदलते.”

“मॅडम, पण ती गोळी सुजेचीच होती. आणि हे औषधही सुजेचंच आहे. मग एकानं बिघडतं आणि एकानं...”

“दोघांची वाट वेगळी आहे. ती गोळी दुखणं दाबते, पण किडनीकडे जाणारं रक्त कमी करते. तरुण माणसालाही रोज खाऊ नये. हे औषध किडनीवरचा मारा कमी करतं.” मग त्यांनी विचारलं, “गल्लीत सगळेच खातात ना?”

“सगळेच.”

“हं,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

खाली आल्यावर सुकलालनं हिलालला तेवढंच सांगितलं. हिलालनं खिशात हात घातला, गोळ्यांचं अर्धं पान काढलं, पाहिलं, आणि परत खिशात ठेवलं. “उद्या लूमवर पाळी आहे रे,” तो म्हणाला.

औषध सुरू झालं. खाटेच्या खाली लघवीची पिशवी लटकत असायची. सुकलाल आत गेला की आधी तिच्याकडे पाहायचा आणि मग प्रमिलेकडे. आयुष्यभर कापडाच्या रंगाच्या शेड पाहिलेले डोळे. पहिल्यांदा पिशवीत गडद, कोऱ्या चहासारखं थोडंसं असायचं. मग ते फिकट होत गेलं, वाढत गेलं, आणि एका सकाळी पिशवी अर्धी भरलेली होती आणि रंग हळदीच्या पाण्यासारखा होता. सिस्टर पिशवी रिकामी करताना म्हणाली, “देखो काका, कितना अच्छा आया.” त्या दिवशी सुकलालनं बाहेर येऊन हर्षदाला उसाचा रस पाजला आणि स्वतःही दोन ग्लास प्यायला.

आणि रोज तो सुपडू होऊन आत जायचा. आता त्याला ते जमलं होतं. प्रमिलेला कधी दवाखाना कळायचा, डॉक्टरांशी ती नीट हिंदीत बोलायची, हर्षदाला नातवाचं विचारायची. पण ड्रेसिंगनंतर औषधाची गुंगी असायची, आणि त्याची भेटायची वेळ नेमकी तेव्हाच. मग ती सुरतेत नसायचीच. तीस वर्षं सुरतेत राहून तिच्या बोलण्यात गुजराती, हिंदी काय काय मिसळलं होतं. ते सगळं धुऊन गेलं होतं. उरली ती लग्नाआधीची अहिराणी.

“कडुनिंबले झोका बांधा का रे?”

“बांधा ना. जाड दोर लायेल शे.”

“मंग चाल ना!”

“दाजी येऊ दे.”

“तुना दाजी!” ती म्हणाली. “त्या मशीन सोडीसन येतस का कधी?”

भावाला सांगतात ते नवऱ्याला सांगत नाहीत. सुकलालला चोरून ऐकल्यासारखं वाटत होतं, आणि तिथून हलवतही नव्हतं.

“तरास देतस का दाजी?” त्यानं विचारलं. विचारल्यावर त्याला वाटलं, कशाला विचारलं.

“नही रे. तरास काय देतीन? त्यासले बोलताच येत नही. घर उनात, जेवनात, झोपनात.” ती थोडा वेळ श्वास घेत राहिली. मग तिला कशाचं तरी हसू आलं. हसल्यावर दुखलं, म्हणून ती थांबली, आणि परत हसली. “एक सांगू? मनी ती साडी शे ना, आंबाना कवळा पानना रंगनी? घर लयनात आणि म्हने, सेकंडमा निंघनी, डाग शे, तुले चालीन. मी सगळी उलटी-पालटी करी देखी. डाग कोठेच नही! मुद्दाम रंगाडी आणेल व्हती. मी काई बोलनू नही. त्यासले लाज वाटती.”

सिस्टर आली. वेळ संपली होती. सुकलाल बाहेर आला, गाऊन काढायला हात मागे नेला, आणि गाठ सुटेना. हर्षदानं येऊन सोडली.

तिनं दाराच्या काचेतून सगळं पाहिलं होतं. काही ऐकलंही होतं.

“आप्पा, हे बंद करा,” ती म्हणाली. “मामा गेलेत. गेलेल्या माणसाच्या नावानं ओ द्यायची नसते. तुम्हाला कळत नाही का?”

“मी ओ कुठं देतो? मी त्याला थांबवतोय.”

“कुणाला?”

“सुपडूला. मी नाही म्हणेपर्यंत तो नेऊ शकत नाही. त्याला रीत माहितीये.”

हर्षदानं त्याच्याकडे पाहिलं. ती सुरतेत वाढलेली, गुजराती शाळेत शिकलेली, आखाजीला कधी झोक्यावर बसलेली नव्हती. तिला वाटलं बापाचं डोकं फिरलं. तिनं घडी घालून गाऊन टोपलीत टाकला आणि म्हणाली, “चहा घेऊ चला.” चहाच्या टपरीवर ती अचानक म्हणाली, “मामा आला की तुम्ही नेहमी त्याला बाहेरच बसवायचे. मी लहान असताना मला वाईट वाटायचं. आंबे आत यायचे आणि मामा ओट्यावर.”

“खोली लहान होती,” सुकलाल म्हणाला.

“हो,” हर्षदा म्हणाली. “लहान होती.”

आखाजी जवळ आली. लिंबायतच्या रस्त्यावर हातगाड्या आंब्यांनी भरल्या. कुंभारानं लाल मातीच्या घागरी मांडल्या. गल्लीतल्या बाया गावाला निघाल्या, रिक्षात गाठोडी आणि पोरं कोंबून. हिलालची बायकोही गेली. सुकलाल कपडे बदलायला घरी आला की या गडबडीतून चालायचा आणि त्याला कुणी दिसायचं नाही. सगळे जण बोलायचे, “कशीये वहिनी?” तो म्हणायचा, “किडनी सुधारली.” दुसरं काही त्याला सांगता यायचं नाही. त्याच्या लेखी तीच प्रमिलेची तब्येत होती. ती पिशवी, तो रंग.

मग प्रमिलेला ताप भरला. आधी थोडा, मग उतरेचना. सुकलाल आत गेला, पिशवी पाहिली, पिशवी ठीक होती. म्हणून त्याला वाटलं ताप उतरेल. पण ती बोलली नाही. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला होता आणि छाती भरभर वरखाली होत होती, लांबून धावत आल्यासारखी.

मॅडमनी त्याला आणि हर्षदाला बाजूच्या खोलीत बोलावलं.

“औषधानं काम केलं, काका,” त्या म्हणाल्या. “मी खोटं सांगत नाही. किडनी अजून चांगली चाललीय. पण जखमा मोठ्या आहेत. तिथून जंतू रक्तात गेलेत. आम्ही त्याच्यावरही औषध देतोय. पण त्यांना श्वास पुरत नाही. घशात नळी घालून मशीनवर घ्यावं लागेल.”

“मशीननं बरी होईल?”

मॅडम हर्षदाकडे वळल्या. हर्षदा गुजरातीत काहीतरी म्हणाली आणि त्यांनी तिचा हात धरला. सुकलालनं पहिल्यांदाच पाहिलं की मॅडमच्या हाताला मेंदीचा जुना, फिकट झालेला रंग होता. कुणाच्या तरी लग्नात त्या गेल्या असाव्यात.

“नळी घातली की बोलता येणार नाही,” त्या म्हणाल्या. “आधी तुम्ही भेटून या. या वेळी घाई नाही.”

हर्षदा आधी जाऊन आली. बाहेर आली ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मग सुकलाल आत गेला.

उन्हाचा एक पट्टा खिडकीतून प्रमिलेच्या चादरीवर पडला होता. सगळा वॉर्ड शांत होता. कुणाच्या तरी खाटेजवळचं यंत्र सावकाश टिकटिकत होतं. सुकलालनं वाटेत ठरवलं होतं काय म्हणायचं ते. दाजींची पाळी उद्या सुटते, बहीण, आजचा दिवस मी मुक्कामाला थांबतो. उद्या परत काहीतरी सांगता आलं असतं. परवा आणखी काही.

तिनं डोळे उघडले. आज ते जड नव्हते.

“उनात तुम्ही?” ती म्हणाली.

मास्कच्या आत आवाज बारीक येत होता. तो वाकला.

“सुपडू कव्हयना दारमा उभा शे,” ती म्हणाली. “त्याले बठा तरी म्हना.”

सुकलालनं दाराकडे पाहिलं. दाराची काच, काचेपलीकडे पॅसेज, पॅसेजमध्ये उजेड. आज सुपडू तिथे दारात उभा होता, आणि सुकलालला स्वतःखेरीज दुसरं कुणी होता येत नव्हतं.

“म्हणतो,” तो म्हणाला.

“जेवनात का?”

“जेवलो. हर्षदानं आणलं होतं.”

“काय?”

“खिचडी.”

“खिचडीनी काय व्हस,” ती म्हणाली. नेहमीच्याच सुरात, जशी स्वयंपाकघरातून म्हणायची. मग बराच वेळ नुसता श्वास. तिचा हात चादरीच्या कडेला बाहेर आला होता. तो हात भाजलेला नव्हता. सिस्टरनं पाहिलं, आणि ती दुसऱ्या खाटेकडे वळली. सुकलालनं हातमोज्यातल्या बोटांनी तिचं बोट धरलं. रबरातूनही ताप लागत होता.

“जाऊ का मी?” ती म्हणाली.

‘बघू’ हा शब्द त्याच्या तोंडाशी आला होता. एवढी वर्षं तो शब्द आपोआप यायचा. तो आला आणि तिथेच राहिला. तिच्या छातीकडे त्याला पाहवत नव्हतं. इतक्या लांबून धावत आलेल्या माणसाला आणखी थांब म्हणायचं, ते कुणासाठी?

“जाय,” तो म्हणाला. “आखाजी कर. झोका खेळ मनभर.”

तिच्या भुवया सैल झाल्या.

“येशात ना माले लेवाले?”

माहेरी गेलेल्या बायकोला आणायला नवऱ्यानं जायचं असतं. तो कधी गेला नव्हता. सुपडूच तिला परत आणून सोडायचा.

“येसू,” सुकलाल म्हणाला. “मीच येसू.”

मशीननं पुढे आखाजीच्या दिवसापर्यंत तिचा श्वास चालवला. पण दोघांचं बोलणं झालं ते एवढंच.

सिस्टरनं खूण केली तसं त्यानं तिचं बोट सोडलं, हात हळूच चादरीखाली ठेवला आणि तो निघाला. दार ढकलून उंबऱ्यापाशी आला. श्वासाचं मशीन आणणारे दोघं पॅसेजच्या पार त्या टोकाला होते, गाडीचं एक चाक अडकत होतं म्हणून थांबले होते. हर्षदा अजून भिंतीकडे तोंड करून होती. दारापाशी दुसरं कोणी नव्हतं.

सुकलालनं दार तसंच उघडं धरलं आणि अंग चोरून भिंतीला लागून उभा राहिला, आत येणाऱ्याला वाट मिळावी म्हणून.